देवमाशांच्या परिषदेला निघालात? ॲबस्ट्रॅक्टपासून बिलांच्या फाइलीपर्यंतची तयारी

सागरी सस्तन प्राण्यांवर पीएच.डी. करणारी मुलं आपल्याकडे कमी आहेत. जी आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा एक समज मी वारंवार ऐकते: ‘आपला डेटा लहान आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियावाल्यांकडे चाळीस-चाळीस वर्षांच्या नोंदी असतात, त्यांच्यासमोर आपण काय बोलणार?’ आधी हा समज बाजूला ठेवू, कारण ॲबस्ट्रॅक्टच्या (निवडीसाठी पाठवायच्या सारांशाच्या) भाषेपासून पोस्टरच्या मथळ्यापर्यंत सगळीकडे तो डोकावत राहतो.

२०१७ साली ओमानच्या किनाऱ्यावर ‘लुबान’ नावाच्या हंपबॅक देवमाशाच्या मादीला उपग्रह-टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडे गेली. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत. त्यांची प्रौढ संख्या शंभराच्याही आत असावी असा अंदाज आहे. ओमानमध्ये काम करणाऱ्या माणसाला रत्नागिरी-कारवार पट्ट्यातली एक खात्रीची नोंद किती मोलाची वाटेल, याचा विचार करा. हंपबॅक डॉल्फिन हा वेगळा प्राणी, पण त्याचंही तेच. सूसा प्लम्बिया ही आपली प्रजाती दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उथळ किनारी पाण्यात राहते आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. या लांबलचक किनाऱ्याचा मोठा भाग नकाशावर अजून कोराच आहे. तुमच्याकडे त्या कोऱ्या जागेतला तुकडा आहे. त्याबद्दल दिलगिरी कशाला?

म्हणून हा लेख एकाच धोरणावर उभा आहे: एक स्पष्ट प्रश्न घेऊन जायचं आणि ठरवून काही माणसांना भेटायचं. भाषण किंवा पोस्टर हे त्या भेटींचं निमित्त.

कोणती परिषद?

या क्षेत्रातली सर्वांत मोठी परिषद ‘सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजी’ची. ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली आणि तिची परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरते. २०१७ला ती कॅनडात हॅलिफॅक्सला होती. २०१९ला बार्सिलोनात युरोपियन सिटेशियन सोसायटीबरोबर (सिटेशियन म्हणजे देवमासे-डॉल्फिन) संयुक्त झाली. २०२१ची कोविडमुळे पुढे ढकलून ऑगस्ट २०२२मध्ये फ्लोरिडात पाम बीचला घेतली. नोव्हेंबर २०२४ची पंचविसावी परिषद ऑस्ट्रेलियात पर्थला झाली. खाली उदाहरणासाठी पर्थच धरलं आहे, कारण भारतातून जाणाऱ्याला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या प्रवासात येतात. युरोपियन सोसायटीची परिषद दरवर्षी असते. ती आकाराने लहान आणि पहिल्या अनुभवाला काहीशी सोपी. पण प्रवासाचा खर्च एकदाच पेलणार असेल तर मी मोठ्या परिषदेचं नाव घेईन. ओमान, केनिया, पाकिस्तान, बांगलादेशची माणसं एका छताखाली भेटण्याची शक्यता तिथे जास्त.

आधी सोसायटीचं विद्यार्थी-सदस्यत्व घ्या. रजिस्ट्रेशनमध्ये सदस्याला सवलत मिळते आणि प्रवास-अनुदानाच्या अर्जातही सदस्यत्व विचारात घेतात. शिवाय दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या सागरी सस्तन प्राण्यांवरच्या उत्कृष्ट विद्यार्थी-सादरीकरणासाठी स्टीफन लेदरवुड यांच्या स्मृत्यर्थ एक स्वतंत्र पुरस्कार आहे. संवर्धनाशी जोडलेल्या कामावर त्याचा भर असतो. म्हणजे तो जवळपास आपल्यासाठीच आहे, आणि आपल्याकडच्या फार कमी विद्यार्थ्यांना तो माहीत असतो. फॉर्ममध्ये पुरस्कारांसाठी विचार व्हावा का, असा रकाना दिसला तर तो रिकामा सोडू नका.

ॲबस्ट्रॅक्ट: सहा-आठ महिने आधीचं काम

ॲबस्ट्रॅक्टची मुदत परिषदेच्या बऱ्याच महिने आधी संपते. त्यामुळे फील्डचा हंगाम आणि ही तारीख दोन्ही समोर ठेवून नियोजन करावं लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढणं अवघड. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढाच खरा हंगाम, आणि त्यातला अर्धा संपलेला असतानाच ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचं. अशा वेळी पूर्ण प्रबंध कोंबायच्या भानगडीत पडू नका. ज्या एका प्रश्नाचं उत्तर आज हातात आहे, तेवढाच मांडा.

‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ हे वाक्य परीक्षकांना अजिबात आवडत नाही. ते लिहिण्याची वेळ येत असेल तर विषय आणखी लहान करा. पहिलं वाक्यही तपासा. ‘डॉल्फिन हे सागरी परिसंस्थेतील महत्त्वाचे घटक आहेत’ असं लिहून जागा वाया घालवायची नाही, वाचणाऱ्याला ते माहीतच आहे. त्यापेक्षा असं: ‘रापण आणि गिलनेट दोन्ही चालणाऱ्या पट्ट्यात हंपबॅक डॉल्फिन जाळ्यांच्या जवळ किती वेळ घालवतात, हे आम्ही किनाऱ्यावरून आणि बोटीवरून मोजलं.’ जागा, प्रजाती, प्रश्न, पद्धत, सगळं एका वाक्यात आलं. पुढे आकडे: किती तास, किती किलोमीटर, किती वेळा दिसले. आकडा लहान असला तरी लिहा. सर्वेक्षणाच्या मेहनतीचा आकडा न दिलेला ॲबस्ट्रॅक्ट संशयास्पद वाटतो. शेवटी एक वाक्य कशासाठी उपयोग याचं, आणि ते खरं असावं. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखालच्या आयात-अटींमुळे मासळी निर्यात करणाऱ्या देशांना जाळ्यात अडकून मरणाऱ्या डॉल्फिन-देवमाशांचा हिशेब द्यावा लागतो. भारताच्या किनाऱ्यावरचा अशा बायकॅचचा, म्हणजे जाळ्यात चुकून अडकणाऱ्या प्राण्यांचा, कुठलाही प्रामाणिक आकडा या संदर्भात वजनदार ठरतो.

प्रजातींची नावं सोसायटीच्या वर्गीकरण समितीच्या ताज्या यादीशी ताडून पाहा. आपल्याकडे जुने अहवाल वाचून चुका होतात. हंपबॅक डॉल्फिनची विभागणी २०१४मध्ये झाली, तरी पश्चिम किनाऱ्यावरच्या डॉल्फिनला सूसा चायनेन्सिस म्हणणारे लेख अजून फिरताहेत. गंगा आणि सिंधू नद्यांमधल्या डॉल्फिनना २०२१पासून प्लॅटनिस्टा गँजेटिका आणि प्लॅटनिस्टा मायनर अशा दोन स्वतंत्र प्रजाती मानतात.

सादरीकरणाचा प्रकार निवडताना तीन पर्याय दिसतात: पूर्ण वेळेचं भाषण, चार-पाच मिनिटांचा ‘स्पीड टॉक’ आणि पोस्टर. पोस्टर म्हणजे दुय्यम, ही आपल्या विभागांतली समजूत सोडा. पहिल्यांदा जाणाऱ्याला पोस्टरसमोर उभं राहून जेवढी माणसं भेटतात तेवढी भाषणानंतर भेटत नाहीत. भाषण मिळालं तर उत्तमच, पण पोस्टर मिळालं म्हणून हिरमुसू नका.

आता नावाची गोष्ट. महाराष्ट्रात पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही छापलेलं असतं. शोधनिबंधावर तुम्ही नुसतं नाव-आडनाव वापरत असाल तर ॲबस्ट्रॅक्टमध्ये तेच ठेवा. रजिस्ट्रेशन, निमंत्रणपत्र आणि तिकीट यांवर मात्र पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच हवं. व्हिसाच्या वेळी हा फरक समजावत बसणं कटकटीचं असतं.

पैसा

सर्वांत जास्त डोकेदुखी इथे. विमानभाडं, रजिस्ट्रेशन, व्हिसा, विमा, राहणं-खाणं असे पाच रकाने पाडून एक तक्ता करा आणि प्रत्येकासमोर पैसा कुठून येणार ते लिहा. एकच स्रोत सगळं पेलेल अशी आशा ठेवू नका.

पहिला दरवाजा खुद्द सोसायटीचा. विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवास-अनुदानाचा अर्ज बहुधा ॲबस्ट्रॅक्टच्या आसपासच भरायचा असतो, त्यामुळे तो नजरेतून निसटतो. दुसरा दरवाजा केंद्र सरकारचा: अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे पूर्वीचं सर्ब, तसंच सीएसआयआर आणि डीबीटी यांच्या प्रवास-सहाय्य योजना. यांच्याकडे स्वीकृतीपत्राशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून पत्राची मेल आली त्याच आठवड्यात अर्ज टाका. योजनेत कोणत्या बाबी धरल्या आहेत ते आधी नीट वाचा. राहण्या-जेवणाचा खर्च पुष्कळदा त्यात नसतो. तिसरा दरवाजा तुमच्या विद्यापीठाचा, आणि चौथा प्रोजेक्टच्या निधीतला प्रवासाचा रकाना. या चौथ्याबद्दल गाइडना विचारायला मुलं उगाच लाजतात.

सरकारी पैशातून तिकीट काढणार असाल तर बुकिंगआधी लेखा विभागात जाऊन एक गोष्ट विचारा: तिकीट अधिकृत एजंटाकडूनच काढायचं आहे का? केंद्र सरकारी खर्चाच्या प्रवासासाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तिघांचीच नावं मान्य आहेत. तुमच्या अनुदानाला हा नियम लागू असेल आणि तुम्ही एखाद्या ॲपवर स्वस्त तिकीट काढून मोकळे झालात, तर परतावा अडकू शकतो. हे सगळं तोंडी ऐकून चालत नाही, मेलवर घ्या.

प्रोजेक्टवर नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक. सरकारी किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने परदेशी संस्थेकडून प्रवास-निवासाचा खर्च घेतला, तर तो परदेशी आतिथ्याच्या कायद्याखाली येऊ शकतो आणि गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागू शकते. निव्वळ विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा. तुम्ही कोणत्या गटात मोडता ते रजिस्ट्रार ऑफिसला वेळेत विचारा.

बहुतेक अनुदानं ‘आधी खर्च करा, मग बिलं द्या’ या पद्धतीची असतात. म्हणजे अनुदान मंजूर झालं तरी दोन-चार महिने पदरमोड करावीच लागते. घरून उसने घ्यायचे असतील तर किती आणि कधीपर्यंत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

व्हिसा

ऑस्ट्रेलियासाठी परिषदेला जाणारे सबक्लास ६०० मधल्या ‘बिझनेस व्हिजिटर’ प्रवाहात अर्ज करतात. अर्ज ऑनलाइन असतो, बोटांचे ठसे आणि फोटो केंद्रावर जाऊन द्यावे लागतात. युरोपात असेल तर शेंगेन व्हिसा: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज, सोबत किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा-कवच. अमेरिकेत असेल तर मुलाखतीच्या तारखेची रांग हीच मोठी परीक्षा. स्वीकृती येण्याआधीच रांगेचा अंदाज घेऊन ठेवा.

कागदपत्रांत निमंत्रणपत्र, स्वीकृतीची मेल, संस्थेची एनओसी, गाइडचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, अनुदानाचं पत्र हे तर हवंच. पण अधिकाऱ्याला खरं जाणून घ्यायचं असतं की तुम्ही परत येणार का. त्यामुळे गाइडच्या पत्रात ‘विद्यार्थी हुशार आहे’ यापेक्षा प्रबंध कधी सादर करायचा आहे, फेलोशिप कुठपर्यंत आहे आणि परत आल्यावर कोणतं फील्डवर्क ठरलेलं आहे, हे लिहून घ्या. गाइड कामात असतात, म्हणून पत्राचा मसुदा तुम्हीच करून न्या. त्यात काही गैर नाही.

पोस्टर

आकार किती आणि उभं की आडवं, हे आयोजकांच्या सूचनेत वाचा. ए-झीरो, म्हणजे ८४१ × ११८९ मिमी, हा नेहमीचा आकार. छपाई कापडावर करून घेतली तर घडी घालून केबिन बॅगेत जाते, नळकांडं सांभाळत फिरावं लागत नाही. मात्र गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे नेलंत तर रंग नीट सांगा, नाहीतर तुमचा डॉल्फिन दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा झगमगत परत येईल.

मथळ्यात विषय न लिहिता निष्कर्ष लिहा. ‘सिंधुदुर्गातील हंपबॅक डॉल्फिनचा अभ्यास’ वाचून कुणी थांबत नाही. ‘हंपबॅक डॉल्फिन गिलनेटच्या जवळ अधिक वेळ घालवतात’, असं तुमच्या डेटातून निघत असेल तर, वाचून लोक थांबतात आणि ‘कशावरून?’ विचारतात. तुम्हाला तेच हवं आहे.

नकाशा लागतोच, कारण मालवण कुठे आहे हे समोरच्याला ठाऊक नसतं. पण संपूर्ण भारताचा नकाशा टाकायच्या फंदात पडू नका. परदेशी नकाशा-सॉफ्टवेअरमधल्या सीमा आपल्या अधिकृत सीमांशी जुळत नाहीत, आणि संस्थेत यावरून उगाच प्रकरण होतं. मुंबई ते गोवा एवढी किनारपट्टी कापून घ्या, कोपऱ्यात अरबी समुद्राचा लहान नकाशा द्या, काम झालं.

मजकूर अर्धा करा, मग आणखी थोडा कमी करा. पाठीवरच्या पराचे, म्हणजे पृष्ठपराचे, दोन चांगले फोटो, एक आलेख, एक नकाशा. खाली मेलचा पत्ता आणि क्यूआर कोड. ए-फोर आकाराच्या काही छोट्या प्रती सोबत ठेवा, क्यूआर कोड सगळे स्कॅन करत नाहीत.

भाषण, आणि येणारे प्रश्न

बारा मिनिटांच्या भाषणाला बारापेक्षा जास्त स्लाइड नकोत. स्पीड टॉकला चार पुरतात. इंग्रजी उच्चारांची काळजी मुलं खूप करतात. माझ्या मते उच्चारापेक्षा वेग घात करतो. आपण मराठीभाषक घाबरलो की गाडी पळवतो. लॅबमध्ये तीनदा बोलून बघा, त्यातलं एकदा तरी या विषयातल्या नसलेल्या माणसासमोर. पाठांतर नको, पण पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं तोंडपाठ असावीत.

खरी तयारी प्रश्नांची. या क्षेत्रात प्रश्न बऱ्यापैकी ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरं आधी लिहून ठेवता येतात.

फोटो-ओळख (पृष्ठपरावरच्या खुणांवरून एकेक प्राणी ओळखणं) केली असेल तर विचारतील: ज्या डॉल्फिनच्या पृष्ठपरावर खूणच नाही त्यांचं काय केलंत? फोटोंची प्रत कोणी ठरवली, एकाने की दोघांनी स्वतंत्रपणे? पुन्हा-पकड पद्धतीने, म्हणजे ओळखलेले प्राणी पुन्हा किती दिसतात त्यावरून, संख्या काढली असेल तर खूण असलेल्यांचं प्रमाण हाताशी ठेवा.

रेषा-सर्वेक्षण (ठरलेल्या रेषांवरून बोट नेत केलेली मोजणी) केलं असेल तर नेमक्या रेषेवरचा प्राणी दिसण्याची शक्यता तुम्ही एक, म्हणजे शंभर टक्के, धरली का, हा प्रश्न जवळजवळ नक्की. डॉल्फिन पाण्याखाली असतो तेव्हा तो दिसत नाही, म्हणून ही शक्यता एकपेक्षा कमी असते. ती मोजली नसेल तर ‘ही संख्या किमान आहे’ एवढं स्वच्छ सांगा. कुणी हसत नाही.

हायड्रोफोनवाल्यांनी (पाण्याखालच्या मायक्रोफोनवर आवाज टिपणाऱ्यांनी) सॅम्पलिंगचा दर स्लाइडवरच टाकावा. फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याचे क्लिक १२० किलोहर्ट्झच्याही वर असतात. ९६ किलोहर्ट्झ दराने ध्वनिमुद्रण केलं तर ४८ किलोहर्ट्झपर्यंतचंच पकडता येतं. मग ‘पॉरपॉइज आढळले नाहीत’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

आणि पावसाळा. ‘हंगामी बदल’ हा शब्द वापरलात तर कुणीतरी विचारणारच की चार महिने तुमच्याकडे काहीच नाही, तर हंगाम कसला? ‘पावसाळा सोडून’ हे शब्द मथळ्यातच घाला.

उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही अजून तपासलेलं नाही, सत्र संपल्यावर बोलूया का?’ एवढं पुरतं. काही लोक प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं दोन मिनिटांचं भाषण करतात. त्यांना धन्यवाद म्हणून पुढच्या हाताकडे बघायचं.

भेटी ठरवून घ्या

महिनाभर आधी कार्यक्रमपत्रिका येते. तीन प्रकारची माणसं शोधा. एक, तुमची पद्धत तुमच्यापेक्षा चांगली जाणणारा. दोन, तुमचीच प्रजाती दुसऱ्या किनाऱ्यावर अभ्यासणारा. तीन, जिच्या किंवा ज्याच्या लॅबमध्ये पुढे पोस्टडॉक करायला आवडेल अशी व्यक्ती. प्रत्येक गटातून एक-दोघांनाच मेल करा, तीही चार-पाच ओळींची: मी कोण, कुठे काम करते, तुमच्या कोणत्या निबंधातल्या कोणत्या मुद्द्यावर माझा प्रश्न आहे, आणि परिषदेत पंधरा मिनिटं मिळतील का. सीव्ही जोडू नका. प्रश्न नेमका असेल तर नामांकित माणसंही उत्तर देतात. अरबी समुद्रातल्या देवमाशांवर काम करणाऱ्यांचं ‘अरेबियन सी व्हेल नेटवर्क’ आहे. तिथली माणसं परिषदेला येणार असतील तर त्यांना आधी कळवा.

मुख्य परिषदेच्या आधीच्या शनिवार-रविवारी कार्यशाळा असतात. त्यांचे पैसे वेगळे पडतात. तरीही एक कार्यशाळा निवडा, कारण वीस-तीस जणांच्या खोलीत ओळखी पहिल्याच दिवशी होतात आणि मग सोमवारी हजार-दोन हजारांच्या गर्दीत एकटं वाटत नाही.

बॅग भरताना

हाडाचा तुकडा, बलीनचा (देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीचा) धागा, त्वचेचा नमुना, अंबरग्रीस (देवमाशाची ‘उलटी’), इतकंच काय किनाऱ्यावरचे शंख, यांतलं काहीही बॅगेत नको. सगळे देवमासे आणि डॉल्फिन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत, शिवाय आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहेच. परवान्याशिवाय नमुना विमानात नेणं हा गुन्हा आहे, ‘संशोधनासाठी’ म्हणून सुटका नाही.

ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक. आईने दिलेले लाडू, तूप, मसाले, लोणचं, बिया, जे काही खाण्याचं असेल ते उतरताना भरायच्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केल्यावर फार तर काढून घेतील. लपवलंत तर दंड, प्रसंगी व्हिसाही रद्द. फील्डवर वापरलेले बूट किंवा सँडल नेत असाल तर त्यांच्या तळाची वाळू-माती घासून धुवा आणि तेही जाहीर करा. हे मुलांच्या हमखास लक्षात राहत नाही.

पर्थची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तेव्हा झोपेचा फार प्रश्न येत नाही. प्लगच्या पिना वेगळ्या असतात, ॲडॅप्टर इथूनच न्या. नोव्हेंबरात तिथे उन्हाळा सुरू होत असतो, पण सभागृहातला एसी गारठवतो, म्हणून एक स्वेटर. शहराच्या मध्यभागातल्या कॅट बस फुकट आहेत. स्वॉन नदीत बॉटलनोज डॉल्फिन शहरातच दिसतात, संध्याकाळी काठाने चाललात तर पाहता येतील. शार्क बे या उपसागरातले स्पंज वापरणारे डॉल्फिन बघायचा मोह मात्र आवरा. ते शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे, परिषदेच्या आठवड्यात जमत नाही.

प्रत्यक्ष त्या दिवसांत

सगळी सत्रं ऐकायची नाहीत. समांतर सभागृहांत धावत राहिलात तर तिसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. दिवसाला तुमच्या विषयाचं एक सत्र पूर्ण ऐका, आणि एक अगदी वेगळं. चहाच्या वेळेत फोनमध्ये डोकं घालून उभं राहणं हा आपला ठेवणीतला बचाव असतो. त्याऐवजी दुसऱ्या एकट्या विद्यार्थ्याच्या पोस्टरपाशी जा. पुढच्या दहा-वीस वर्षांत तुमचे सहलेखक याच वयाच्या माणसांतून येणार आहेत. भारतीय मंडळींबरोबर एक जेवण जरूर करा, रोज नको.

स्लाइडवर फोटो न काढण्याची खूण असेल तर काढू नका. तुमचाही अप्रकाशित आलेख फिरू नये असं वाटत असेल तर तशी खूण आधीच टाका. डॉल्फिनच्या पिल्लांच्या नेमक्या जागा, जिथे पर्यटक-बोटींची झुंबड होऊ शकते, त्या पोस्टरवर अचूक बिंदूंनी दाखवू नका.

हमखास येणारा एक प्रसंग असा: कुणीतरी नामांकित माणूस तुमच्या पोस्टरसमोर थांबेल, मनापासून कौतुक करेल आणि म्हणेल, ‘तुमच्याकडे किनाऱ्यावर मेलेले प्राणी येतात ना, मग त्वचेचे नमुने पाठवा, आम्ही जनुकीय काम करून देतो.’ आनंदाच्या भरात ‘हो’ म्हणू नका. नमुना घेण्यासाठी वनखात्याची परवानगी, बाहेर पाठवण्यासाठी साइट्सचा परवाना, आणि जैविक विविधता कायदा २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी किंवा मान्य सहकार्य-प्रकल्प, एवढं सगळं लागतं. शिवाय लेखकांच्या यादीत तुमचं नाव कुठे असेल, विश्लेषण कोण शिकेल, डेटा कोणाकडे राहील हे ठरायला हवं. ‘मला यात रस आहे, गाइडशी बोलून परवानग्यांसकट लिहिते’ हे उत्तर सभ्य आहे आणि पुरेसं आहे. खरा सहकारी याने दुखावत नाही. जो दुखावतो त्याला नमुना हवा होता, तुम्ही नको होतात.

फोटो-ओळखीच्या कॅटलॉगची देवघेव त्या मानाने सोपी असते, कारण त्यात प्राण्याचा तुकडा सीमा ओलांडत नाही. तरी अटी लेखी ठेवा.

कुणाचं वागणं खटकलं, नकोशी सलगी झाली, तर परिषदेची आचारसंहिता असते आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत असतं. पहिल्या दिवशीच ते शोधून ठेवा.

परत आल्यावर

बोर्डिंग पास टाकू नका. जाण्याचे आणि येण्याचे, मधल्या थांब्याचेही. मोबाइलवर असतील तर विमानात बसण्याआधी स्क्रीनशॉट काढा, प्रवास झाल्यावर ते ॲपमधून गायब होतात. रजिस्ट्रेशनची पावती, उपस्थितीचं प्रमाणपत्र, व्हिसा फीची पावती, विम्याचं बिल, परकीय चलन घेतल्याची पावती, सगळं एका फाइलीत, आणि त्याच क्रमाने स्कॅन. युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (अनुदान खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सह्या मिळवायला प्रवासापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात फाइल फिरवायला लागा.

त्याच आठवड्यात मेलही पाठवा. प्रत्येकाला वेगळी, आणि संभाषणातल्या एका मुद्द्याची आठवण देणारी: ‘तुम्ही सांगितलेला तो निबंध वाचला’, ‘पृष्ठपरांचे फोटो जोडले आहेत, तुमच्या कॅटलॉगशी जुळतात का बघाल?’ उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग थांबा. विभागात अर्ध्या तासाचं बोलणं ठेवा आणि त्यात तुमच्या भाषणापेक्षा इतरांकडून काय ऐकलंत ते सांगा. ज्युनियर मुलांना तेच हवं असतं. तुम्हाला विचारलेले प्रश्न, विशेषतः ज्यांची उत्तरं देता आली नाहीत ते, प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणाच्या वहीत लिहून काढा. व्हायवाला परीक्षक त्यातलेच निम्मे विचारतील.